खंडेनवमीची सात यंत्रे

सपनाच्या आवाजातली एक हजार सहाशे बारा वाक्ये आमच्या केंद्राच्या एका यंत्रावर होती आणि त्यांची प्रत दुसऱ्या यंत्रावर. ही दोन्ही यंत्रे एकाच गटात घालण्याचा निर्णय माझा होता. कागदावर तो आजही बरोबर दिसतो.

केंद्र हिंगोलीत, बियाण्यांच्या एका दुकानावरच्या दोन खोल्यांत आहे. तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेतून निवृत्त झाल्यावर मी ते सुरू केले. बाहेरगावच्या कंपन्यांची क्लाउडवरची यंत्रे सांभाळणे हे आमचे काम. ही यंत्रे डोळ्यांना दिसत नाहीत. दूरच्या कुठल्या तरी शहरातल्या मोठ्या संगणकांच्या पोटात त्यांना जागा आखून दिलेली असते. आम्ही इथून पडद्यावर त्यांची यादी पाहतो, चालू करतो, बंद करतो, अडली तर सोडवतो. कंपन्यांची यंत्रे वेगळी आणि केंद्राची स्वतःची सात वेगळी. त्या सातांना मी कार्यशाळेतली नावे दिली होती: लेथ, शेपर, मिलर, ड्रिल, प्लेनर, ग्राइंडर आणि भट्टी. सपनाचा आवाज शेपरवर होता, त्याची प्रत ड्रिलवर.

सपना पुसेगावची. तंत्रनिकेतनात माझी विद्यार्थिनी आणि नंतर केंद्रातली पहिली सहकारी. तीन वर्षांपूर्वी तिच्या बोलण्यात किंचित जडपणा आला. नुकतीच दाढ काढली होती, म्हणून असेल असे आम्ही धरून चाललो. पुढे नांदेडच्या आणि मग हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितले की स्नायूंना हालवणाऱ्या नसाच एकेक करून निकामी होत जाणारा हा आजार आहे. आधी जीभ आणि गळा जातो, नंतर हात. इलाज नाही. सपनाने ते ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला कामावर येऊन मला विचारले, "सर, मानसाचा आवाज साठवून ठेवता येतो म्हन्तात. खरं हाय का?"

तिच्या विचारण्याला कारण होते. तिची आई जनकाबाई दोन्ही डोळ्यांनी अंध आहे. सपनाचा आवाज गेला की मायलेकींमध्ये काही उरणार नव्हते. लिहिलेले आईला वाचता येत नाही आणि हातवारे तिला दिसत नाहीत.

वाक्यांची यादी मी तयार केली. क्रमिक पुस्तकांतून वेचून, मराठीतले सर्व ध्वनी येतील अशा बेताने, वर्गवारी करून. सपनाने दोन पाने वाचली आणि हसू लागली.

"सर, मी मायसंग असं बोलायला लागले तर माय म्हनंल, ही कलेक्टरीन कुठून आली घरात."

यादी तिने बाजूला ठेवली आणि घरात बोलता बोलताच आपले बोलणे फोनवर टिपून घेतले. माय, पायाखाली बादली हाय, बराबर चाल. काहून जागी हायेस गं अजून? न्हाई, मीठ जास्त न्हाई झालं, तुह्याच तोंडाला चव न्हाई. अशी वाक्ये. मागून जनकाबाईची उत्तरेही येत, हसणे येत असे. आठ महिन्यांत एक हजार सहाशे बारा वाक्ये झाली. फोन भरत आला की सपना ती शेपरवर चढवायची. मी एकेक ऐकून तपासायचो, ड्रिलवर प्रत उतरल्याची खात्री करायचो आणि तिला कळवायचो की काम झाले, आता फोनमधून काढून टाक. एकच वस्तू चार ठिकाणी पडून राहिली की घोटाळे होतात, हे मी वर्गात एकतीस वर्षे शिकवत आलो होतो.

गेल्या दिवाळीनंतर तिचे शब्द परक्यांना कळेनासे झाले, जानेवारीत घरच्यांनाही. मग तिच्या हाती टॅबलेट आला. त्यावर लिहिले की तयार आवाजातली एक बाई ते वाचून दाखवते. शुद्ध, गोड आणि कुठल्याही गावचा नसलेला तो आवाज आहे. जनकाबाईने तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा विचारले, "घरात कोन बाई आली?" सांगून समजावून झाले, पण ती त्या आवाजाला उत्तर देईना. तो सुरू झाला की तोंड फिरवून बसे. शेवटी मायलेकींनी तळहातावरच्या थापा ठरवल्या. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. तेव्हापासून त्या दोघींमध्ये हो आणि नाही याखेरीज एकही शब्द झालेला नव्हता.

इकडे शेपर त्या वाक्यांवरून सपनाचा आवाज शिकत होता. तो एकदा शिकला की सपना टॅबलेटवर काहीही लिहिणार आणि ते तिच्या स्वतःच्या आवाजात बोलले जाणार. पहिले दोन प्रयत्न पत्र्यावर नखे ओढल्यासारखे वाजले. तिसरा चांगला चालला होता. दसऱ्यानंतर आठवड्याभरात तो पुरा होईल असे सपनाने हिशेब करून लिहिले आणि मी पुसेगावला जाऊन जनकाबाईला तसे सांगितले.

"मास्तर, नक्की ना?"

"नक्की."

आता गटाविषयी सांगितले पाहिजे. ऑगस्टमध्ये सपनाची बोटे आखडू लागली. तोवर घरी बसूनही सात यंत्रांवर लक्ष तीच ठेवी. एखादे अडकले की तीच पुन्हा सुरू करी. तिच्या हातांवरचा हा भार काढावा म्हणून मी सातही यंत्रे एका गटात घातली. गटाची व्यवस्था अशी असते. यंत्र कसे असावे याचा एक साचा ठरवून द्यायचा आणि अशी सात यंत्रे सदैव चालू हवीत असे सांगून ठेवायचे. प्लॅटफॉर्म, म्हणजे ही यंत्रे भाड्याने देणाऱ्या कंपनीची व्यवस्था, दर दोन मिनिटांनी प्रत्येक यंत्राला हाक मारतो. एखाद्याने ओ दिली नाही तर ते मेले असे धरतो, काढून टाकतो आणि साच्यातून त्याच नावाचे नवे उभे करतो. माणसाने लक्ष ठेवण्याची गरज राहत नाही.

साच्याच्या पानावर एक चौकट होती. यंत्र काढताना त्याची डिस्क, म्हणजे त्यावर साठवलेले सगळे, तेही काढावे काय? तिथे बरोबरची खूण आधीपासूनच होती आणि मी ती राहू दिली. मालक नसलेल्या डिस्क मागे पडून राहाव्यात हे मला आवडत नाही. त्या वेळी सपनाने लिहून विचारले होते, "डेटा ग्रुपच्या बाहेर ठेवला ना सर?" मी उत्तर पाठवले, "ड्रिलवर प्रत आहे. काळजी नसावी." तिला विश्रांती मिळावी म्हणून गटावरचा तिचा अधिकारही मी काढून घेतला. त्या दिवसापासून ती यादी फक्त पाहू शकत होती.

कार्यशाळेत खंडेनवमीला मुख्य स्विच खाली ओढला जात असे. यंत्रे पुसायची, तेल द्यायचे, हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालायची आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणीही त्यांना हात लावायचा नाही. मी फारसा देवभोळा नाही. वर्षभर राबणाऱ्या वस्तूला एक दिवस मोकळे सोडावे, एवढेच मला त्यातले पटते. केंद्रातही मी ते पाळत आलो. कंपन्यांची यंत्रे अर्थातच चालू राहत, आपली सात बंद होत. सपना बौद्ध घरातली. तिच्याकडे या दिवशी दुसऱ्या दिवसाच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाची तयारी असायची. तिला माझ्या पूजेची गंमत वाटे. "सर, झेंडू घालता ते चांगलंच हाय. पन मशीन पडली हैदराबादला का मुंबईला, तिला वास तरी येतो का?" मागची तीन वर्षे ती सात यंत्रे सुटी होती. बंद केली की बंद राहत आणि दुसऱ्या दिवशी होती तशी उठत. शिकणे जिथे थांबले तिथूनच पुढे सुरू व्हावे, अशी सोयही सपनाने शेपरवर करून ठेवली होती.

यंदाच्या खंडेनवमीला सकाळी नऊला बालाजीने टेबल पुसून त्यावर पाट मांडला. बालाजी दोन वर्षांपासून केंद्रात आहे, कामाला चोख आणि तोंडाने मोकळा. पाटावर कीबोर्ड, पाना, पेचकस, सोल्डरिंगची बंदूक आणि आम्हा दोघांचे मोबाइल ठेवले. मोबाइलही यंत्रच, म्हणून तेही बंद करून. कंपन्यांसाठी भिंतीवरचा जुना दूरध्वनी तेवढा चालू होता.

पावणेदहाच्या सुमारास तो वाजला. बालाजीने उचलला.

"हॅलो. हॅलो! बोला की राव." त्याने ऐकले आणि ठेवून दिला. "कोनीच न्हाई, सर. नुसता श्वास."

पाच मिनिटांनी पुन्हा वाजला. या वेळी त्याने क्षणभर कान दिला आणि हसत खाली ठेवला.

"रेकॉर्डेड बाई हाय. 'सर, आज' म्हनून सुरू झाली. लोन पायजे का विचारत असंल. सनाच्या दिवशी बी सोडून न्हाई राहिले."

मीही हसलो. मी कुंकवाची बोटे उमटवत होतो. तिसऱ्यांदा घंटा वाजली तेव्हा बालाजी उठू लागला आणि मी म्हणालो, "राहू दे, आधी पूजा होऊ दे." ती बराच वेळ वाजली आणि थांबली.

दहा वाजून पाच मिनिटांनी मी यादी उघडली, सातही यंत्रे निवडली आणि बंद केली. पडद्याला नमस्कार केला. खाली दुकानदाराला प्रसाद देऊन वर आलो तेव्हा बालाजी पडद्याकडे बोट दाखवत होता.

"सर, तुमच्या पूजेत दम न्हाई. मशिनी उठून बसल्या."

सातही हिरव्या खुणा होत्या. मला वाटले, आपण बटण नीट दाबले नसेल. मी पुन्हा बंद केली. आम्ही दोघे पाहत राहिलो. खुणा करड्या झाल्या, नावे नाहीशी झाली आणि थोड्या वेळाने एकेक करून परत आली. लेथ, शेपर, मिलर, ड्रिल. क्रमही तोच. प्रकृती: उत्तम. तेव्हा माझी नजर शेवटच्या रकान्यावर गेली. तिथे यंत्राचे वय असते. शेपरचे वय होते एक मिनिट.

मी शेपर उघडला. आत साच्यातून येते तेवढीच सामग्री होती. ड्रिल उघडला. तोही तसाच, पहिल्या दिवसासारखा स्वच्छ. प्लॅटफॉर्मच्या मदत कक्षाला त्याच जुन्या दूरध्वनीवरून फोन लावला. पलीकडचा तरुण अतिशय अदबीने हिंदीत बोलला. त्याने आपल्याकडची नोंद पाहिली आणि सांगितले की यंत्रांनी प्रतिसाद दिला नाही, म्हणून गटाने ती बदलली. डिस्क काढण्याची सूचना साच्यातच दिलेली होती. काढलेली डिस्क परत मिळत नाही. मी त्याला तेच तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारले. त्याने तिन्ही वेळा न चिडता तेच उत्तर दिले आणि सणाच्या शुभेच्छा दिल्या.

मग मी पाटावरचा मोबाइल उचलून सुरू केला. कुंकू पुसून पाहिले. आम्हा तिघांच्या चॅटवर सपनाचे निरोप आले होते.

नऊ अडतीस: सर आज ग्रुप बंद करू नका.
नऊ एक्केचाळीस: बंद केला तर नवीन मशीन बनतील. डिस्क जाईल.
नऊ त्रेचाळीस: बालाजी फोन चालू कर.
नऊ बावन्न: सर लँडलाइन उचला. मीच आहे.
दहा चार: सर

त्यानंतर काही नव्हते.

बालाजीने माझ्या खांद्यावरून ते वाचले. मग भिंतीवरच्या दूरध्वनीकडे पाहून म्हणाला, "ती बाई..." आणि खाली बसला.

पहिल्या वेळी सपनाकडे फक्त श्वास होता. आखडलेल्या बोटांनी ती पुढचे वाक्य लिहीत असताना बालाजीने फोन ठेवला. दुसऱ्या वेळी तिने वाक्य आधी लिहून ठेवले आणि टॅबलेट फोनजवळ धरला. तो आवाज तिचा नव्हता, म्हणून आम्ही तो ऐकला नाही.

बालाजीच्या मोटारसायकलवर आम्ही पुसेगावला निघालो. वाटेत जागोजागी लोक ट्रॅक्टर धूत होते. दारात गाडी उभी केली आणि म्हणाला, "सर, मी हितंच थांबतो. माह्याच्यानं होनार न्हाई."

सपनाचा भाऊ रत्नपाल नागपूरला दीक्षाभूमीवर गेला होता. घरी भावजय संगिता होती. तिने पाणी दिले.

"बरं झालं आलात सर. सकाळपून तोंडात कन घेतला न्हाई तिनं. शेजारी ट्रॅक्टर धुताना पाहिला अन् एकदम फोनला झोंबली. मी पाण्याला जाऊन आले तरी फोन हातातच. काय झालं ते सांगून बी न्हाई राहिली."

सपना खुर्चीत होती, उशांच्या आधाराने. समोर लॅपटॉपवर यादी उघडी होती, सात हिरव्या खुणांची. शेजारच्या बाजेवर जनकाबाई बसली होती. सपनाने टॅबलेटचा आवाज बंद केला, बराच वेळ घेऊन लिहिले आणि पडदा माझ्याकडे वळवला.

"मायला सांगायचं आहे. थापांत सांगता येत नाही. तुम्ही सांगा."

"मास्तर आले व्हय?" जनकाबाई म्हणाली. "लवकर आलात. झाला का आवाज?"

"जनकाबाई, आवाज गेला. माझ्या हातून गेला."

"गेला म्हंजी? काल तर व्हता नव्हं."

"मी यंत्र बंद केले."

"मंग चालू करा की."

"चालू आहे."

"मंग?"

"नाव तेच आहे. आत काही नाही."

तिने यावर विचार केला. कामाचा माणूस अडचणीत असला की शेजारी जशी वाट काढून देतात, तसे ती एकेक सुचवू लागली. "फोनमधी असंल की. फोनमधीच बोलायची ना ती."

"फोनमधले मीच काढून टाकायला लावले होते."

"अन् ती दुसरी मशीन? तुमीच म्हनले व्हते, दोन ठिकानी हाय म्हनून."

"दोन्ही एका गटात होती."

"त्याच्यात मी बी बोलले व्हते, मास्तर. मिठावरून भांडले व्हते तिच्यासंग."

"तेही गेले."

"मंग परत एकबार तिच्याकडून..." जनकाबाई बोलली आणि तोंड उघडे ठेवूनच थांबली. तिचा हात बाजेवरून चाचपत सपनाच्या मांडीवर आला. "खरं हाय का गं हे?"

सपनाने तिचा तळहात उलटा केला आणि एक थाप दिली.

संगिता दारातून माझ्याकडे पाहत होती. "मशीनला कुंकू लावायला टाइम व्हता तुमाला," ती म्हणाली. "ही हितं फोन धरून घामाघूम झाली व्हती. उचलून ऐकायला टाइम न्हवता."

सपनाने पुन्हा लिहिले. मला वाटले, आता ती मला काही तरी बोलेल, आणि ते ऐकायची माझी तयारी होती. तिने लिहिले होते, "ग्रुपने चूक केली नाही सर. त्याला सांगितलं तेच त्याने केलं." खाली आणखी एक ओळ होती: "डिस्कची खूण काढून टाका. कंपन्यांच्या ग्रुपमध्येही बघा." माझी विद्यार्थिनी मला काम सांगत होती. मी मान हालवली. तिचे डोळे कोरडे होते आणि बोटे अजून पडद्यावरच होती.

बाहेर बालाजीच्या खोकल्याचा आवाज आला. जनकाबाईने आपला हात सपनाच्या हातातून काढून घेतला, पदर डोक्यावरून नीट केला आणि सरळ होऊन बसली. मग तिने तोंड वळवले. सपनाकडे नव्हे, सपनाच्या पलीकडे, जिथून तो टॅबलेट बोलत असे त्या बाजूला. परक्या घरच्या बाईशी बोलावे तशा जपून काढलेल्या आवाजात तिने विचारले, "बाई, तुमी हायेत का तिथं?"

संगिता पुढे झाली होती ती जागच्या जागी थांबली.

"बाई, माह्या सपनाला एवढं सांगा," जनकाबाई म्हणाली. "सकाळपून उपाशी हाय. माह्यासाठी थोडी पेज पी म्हनावं."

सपना आईपासून एका हाताच्या अंतरावर बसली होती. तिने आईकडे पाहिले, मग टॅबलेटचा आवाज सुरू केला. दोन बोटांनी तिला एवढासा शब्द लिहायलाही फार वेळ लागला. तोवर जनकाबाई त्या दिशेला चेहरा धरून वाट पाहत राहिली.

"सांगते," टॅबलेटमधली बाई म्हणाली.

"लई उपकार झाले, बाई," जनकाबाई म्हणाली.